शेजारचं मशीन

आमचे हे तासगावच्या मार्केट यार्डात बेदाण्याचा व्यवहार करतात. सौद्याच्या दिवशी घरी आले की शर्टाच्या खिशातून दोन-चार बेदाणे निघायचेच. धुवायला टाकलेल्या विजारीत निघायचे, कधी हिशेबाच्या वहीत चपटे झालेले सापडायचे. २०१८च्या दिवाळीनंतर ह्यांचे पाय सुजायला लागले, सकाळी उठल्या उठल्या उलट्या व्हायच्या. आम्ही पित्त समजून महिना घालवला. सांगलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला तेव्हा क्रिएटिनिन ९.८ होतं. दोन्ही किडन्या गेलेल्या. बीपी किती वर्षं वाढलेलं होतं कोण जाणे, कारण ह्यांनी ते जन्मात कधी मोजलंच नव्हतं. डॉक्टरांनी खायचं नाही त्याची यादी हातात दिली. नारळपाणी, केळी, टोमॅटो आणि त्याखाली बेदाणा. त्यात पोटॅशियम फार. ह्यांनी यादी वाचली आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसले.

जानेवारी २०१९ला डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. दर वेळी चार तास. हातात फिस्टुला केलेला, म्हणजे शीर आणि धमनी एकमेकींना जोडलेल्या. त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. रात्री ह्यांना झोप लागली की मी हळूच बोट ठेवून बघायचे. थरथर असली की फिस्टुला चालू, मग मीही झोपायचे.

आजारपणाचं ओझं कुठं जास्त जाणवत असेल तर ते स्वयंपाकघरात. भाजी चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग नव्या पाण्यात उकडून तेही पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम जातं. चवही जाते. पाणी दिवसाला ८०० मिली, चहा आणि आमटी धरून. मी स्टीलच्या बाटलीत मोजून ठेवायचे. हे चूळ भरायच्या निमित्ताने घोट घ्यायचे आणि सेंटरवरचा वजनकाटा चुगली करायचा. "अडीच किलो वाढलं की हो," टेक्निशियन म्हणायचा, आणि आठवीतल्या पोराने गृहपाठ केला नसावा तसे हे खाली बघायचे.

किडनी द्यायला घरात कोण? सासूबाई पुढे आल्या, पण त्यांचं वय ७२. दिरांना शुगर. मुलगी नुकती एकोणीस पूर्ण झालेली. ती तयार होती, पण तिचं नाव काढलं की हे जेवणच सोडायचे. राहिले मी. माझा रक्तगट बी, ह्यांचा ए. बीची किडनी एला चालत नाही. रक्तगट न जुळताही आजकाल प्रत्यारोपण करतात, पण त्याचा जो खर्च सांगितला तो पतपेढीचं कर्ज आणि माझा फंड मिळूनही भागत नव्हता. पुण्याच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं आणि वाट बघत बसलो.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. देव मानत नाही असं मी कधी म्हटलं नाही, फक्त त्याला हिशेबात धरत नव्हते. सासूबाई संकष्टीला एकवीस दूर्वांची जुडी घेऊन गणपतीच्या देवळात जायच्या, मी त्यांना गाडीवरून सोडायचे आणि बाहेर गोपुराच्या सावलीत पेपर तपासत बसायचे.

ऑगस्ट २०१९चा महापूर आमच्या भागातला कुणी विसरणार नाही. आमचं सेंटर सांगलीत तळमजल्यावर होतं. सोमवारी तिथून फोन आला, पाणी आत येतंय, मशीन वर हलवतोय, उद्या येऊ नका. मंगळवार चुकला. बुधवारी ह्यांना आडवं पडता येईना, पडलं की दम लागायचा. रात्रभर हे पलंगावर उशा रचून बसून राहिले. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि टीव्हीवर आकडा ५७च्या पुढे गेलेला दाखवत होते. मी मात्र एकच आकडा मोजत होते, शनिवारपासून किती तास झाले.

गुरुवारी दिरांनी कुणाची तरी जीप आणली आणि आडवाटेने, दोन ठिकाणी परत फिरून, आम्ही मिरजेला पोचलो. एका सेंटरने सांगितलं होतं, रात्रीच्या पाळीला घेतो, पण बसायला जागा मिळेल असं नाही. तिथं सगळ्या पूरग्रस्त सेंटरांचे पेशंट गोळा झाले होते. टेक्निशियन म्हणजे विशीतला पोरगा. त्याचं स्वतःचं घर पाण्यात होतं आणि तो दोन दिवस सलाइनच्या खोक्यांवर झोपत होता. त्याने ह्यांचं वजन घेतलं, साडेचार किलो जास्त. काही बोलला नाही. शेजारच्या मशीनवर एक उंच, काळेसावळे गृहस्थ होते, त्यांना म्हणाला, "अण्णा, तुमचा अर्धा तास राहिलाय, पण ह्या काकांना आधी घेऊ का?" कारण दुसऱ्या मशीनला अजून तास होता. अण्णा म्हणाले, "घे की, मला काय घाई? एसटी तर बंदच हाय."

आपला अर्धा तास सोडणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात मशीन लागलेलं माणूस आहे त्यालाच कळेल.

बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. इरकल साडी, मांडीवर फडक्यात बांधलेली कडक भाकरी. ही माणसं जत तालुक्यातली, पार पूर्वेकडची. तिथून आठवड्यातून तीनदा मिरजेला यायचं, एसटीने अडीच-तीन तास. मला न विचारताच तिने भाकरीचा चतकोर मोडून त्यावर शेंगाचटणी घालून दिला. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे मला तेव्हा कळलं. "तुमच्यात पूर आलाय," ती म्हणाली, "आमच्यात टँकर आला नाही चार दिस. जनावरं छावणीला हाईत." एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात. मी तिला अक्का म्हणायला लागले, कारण तिथली पोरं तिला तसंच म्हणत होती.

दहाच्या सुमाराला डॉक्टरांनी बोलावलं. ह्यांचं हिमोग्लोबिन ५.८वर आलं होतं, ए पॉझिटिव्ह रक्ताची एक पिशवी बघा म्हणाले. मी फोन लावत सुटले. कुणाचा लागेना, ज्याचा लागला तो म्हणायचा, ताई, मी स्वतः छतावर आहे. अक्का ऐकत होती. "माझं ए हाय," म्हणाली, आणि उठलीच. रक्तपेढी दोन इमारती पलीकडे होती. तिथं बोटाला सुई टोचून बघितलं तर तिचं हिमोग्लोबिन १०.२. साडेबारा लागतं. अक्का परत आली ती चेहरा पाडून, जणू तिनेच काही गुन्हा केला होता. रात्री उशिरा रक्तपेढीने दुसऱ्या कुणाची एक पिशवी दिली, तो विषय संपला.

मग मी सहज विचारलं, "तुम्हाला तुमचा रक्तगट कसा ठाऊक?" खेड्यातल्या बाईला सहसा नसतो.

"किडनी द्यायला गेल्ते की. ह्यांचं बी, माझं ए. चालत न्हाई म्हटले."

"आमचंही तसंच," मी म्हटलं. दोघी चुकचुकलो. अक्काने आणखी एक चतकोर दिला. पहाटे आम्ही घरी निघालो.

गणिताच्या शिक्षिकेने हे वाक्य ऐकून चुकचुकावं आणि भाकरी खात बसावं, ह्याची मला आजही लाज वाटते. घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगत होते, तर त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "मग तिची ह्याला घालायची आन् तुझी त्याला. त्यात काय येवढं? वाटीनं उसनं देत न्हाई का आपण?"

सासूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या आहेत.

शनिवारी मी मिरजेच्या डॉक्टरांसमोर तेच वाक्य म्हणून दाखवलं, फक्त वाटी वगळून. ते म्हणाले, ह्याला स्वॅप म्हणतात. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ला दुरुस्ती झाली तेव्हापासून त्याला परवानगी आहे. दोन्हीकडचे दाते आपापल्या पेशंटचे जवळचे नातेवाईक हवेत, सगळं कमिटीपुढे मंजूर व्हायला हवं, आणि पैशाचा व्यवहार चालणार नाही. "कुठं सापडलं हे जोडपं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. शेजारच्या मशीनवर, मी म्हटलं.

त्या रात्री मी वहीच्या शेवटच्या पानावर आकडेमोड केली. दहावीला संभाव्यता मीच शिकवते. आपल्याकडे बी आणि ओ प्रत्येकी साधारण एक तृतीयांश, ए पाचात एकाहून थोडा जास्त. म्हणजे पेशंट बी आणि त्याची बायको ए, असं जोडपं साधारण चौदात एक. चाळीस पेशंटांच्या सेंटरमध्ये अशी दोन-तीन जोडपी निघायला हरकत नाही. उत्तर बघून मी पेन खाली ठेवलं. सात महिने मी सांगलीच्या सेंटरमध्ये आठवड्याला तीनदा चार-चार तास बसत होते. तिथंही असं एखादं जोडपं असणारच होतं. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. कुणाला काही विचारलंच नव्हतं.

योगायोग दुर्मीळ नव्हता, एवढं गणिताने दाखवलं. तो आधीच का दिसला नाही, ह्याचं उत्तर मात्र मलाच मला द्यावं लागलं.

पुढचे सहा महिने कागद. अण्णा-अक्कांचं लग्न लागलं तेव्हा नोंदणी कोण करत होतं? पुरावा म्हणून एक फोटो, त्यात दोघांच्या मुंडावळ्यांमुळे चेहरेच दिसत नाहीत. अक्काचं नाव आधारला एक, रेशनकार्डाला एक आणि मतदार यादीत तिसरंच. प्रत्येक टेबलावर नवा कागद. पुण्याच्या कमिटीपुढे मुलाखत झाली, तिचं व्हिडिओ चित्रीकरण करतात. मला विचारलं, कुणाच्या दबावाखाली देताय का. अक्काला विचारलं, तुमची किडनी नवऱ्याला मिळणार नाही, परक्याला जाईल, कळतंय का. अक्का घाबरली की तिचं मराठी पळून जातं आणि कानडी येतं. तिने कानडीत काहीतरी सांगितलं, मग मराठीत म्हणाली, "परका कसा? माझी भाकर खाल्ली की त्यांच्यात."

एप्रिल २०२०च्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली. मार्चअखेर लॉकडाऊन. प्रत्यारोपणं थांबली, डायलिसिस चालू. पोलिसांना फाइल दाखवायची, पुढं जायचं. इथंवर मी धीराने घेतलं होतं. त्यानंतर ऑगस्टमध्ये अण्णांना कोरोना झाला.

आता जे लिहिते ते घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. अक्काचा फोन आला, ऑक्सिजन लावलाय म्हणाली. माझ्या मनात पहिला विचार आला तो अण्णांचा नाही. अण्णा गेले तर अक्का किडनी कशाला देईल, आणि द्यायची म्हटली तरी कायदा देऊ देईल का, हा. फोन ठेवून मी देवघरापुढे गेले. गणपतीचेच दिवस होते. एरवी ऋषिपंचमीला आमच्या गावात गणपतीचा रथ निघतो, दोर ओढायला माणूस मावत नाही. त्या वर्षी मिरवणुकांवर बंदी, रस्ता रिकामा. घरात दीड दिवसाची मूर्ती. मी हात जोडले आणि म्हटलं, ह्या माणसाला वाचव. लहानपणी परीक्षेला जाताना पाया पडायचे तेवढंच. मोठेपणी पहिल्यांदा मागणं मागितलं ते परक्या माणसासाठी, आणि तेही स्वार्थाने.

सासूबाई मागे उभ्या होत्या. मी ओशाळून खरं ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "स्वार्थानं तर स्वार्थानं. हात जोडलेस नव्हं? रोज जोड. दहा दिवसांनी बघ कुणासाठी जोडतेस ते."

अण्णा बारा दिवस दवाखान्यात होते. कितव्या दिवशी ते मला सांगता येणार नाही, पण मध्येच केव्हातरी मी किडनीचा विचार न करता अक्काला फोन करायला लागले. जेवलीस का, एवढंच विचारायला. अण्णा घरी आले.

मधल्या काळात पुण्याच्या डॉक्टरांशी बोलताना पुरातल्या त्या रात्रीचा विषय निघाला. अक्काचं रक्त ह्यांना देणार होतो, हिमोग्लोबिन कमी म्हणून राहिलं, असं मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं. तिचं रक्त ह्यांच्या अंगात गेलं असतं तर शरीराने तिच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार करण्याची आणि क्रॉसमॅच, म्हणजे तिची किडनी ह्यांना चालेल का ती रक्ताची चाचणी, बिघडण्याची शक्यता होती. म्हणजे त्या रात्री जिचं तोंड पडलं होतं, तिचं रक्त कमी होतं हेच आमच्या पथ्यावर पडलं. मी ते वहीत लिहून ठेवलं. मला तेव्हा 'जर'ची यादी करायचा नाद लागला होता. जर पूर आला नसता. जर अण्णांनी अर्धा तास सोडला नसता. जर साडेबारा भरलं असतं. चौदा 'जर' झाले.

मग एके दिवशी सेंटरवर तिसऱ्या मशीनवरचा पोरगा दिसला नाही. चोवीस वर्षांचा. पुरातच त्याच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या, तेव्हापासून तो सावरलाच नाही. त्याची आई डबा घ्यायला आली होती, ह्या सेंटरच्या फ्रिजमध्ये राहिलेला. तिच्या वहीत कोणते 'जर' असतील? तोच पूर, तेच सेंटर. मी माझी यादी तिथंच थांबवली. आमची गाठ पडावी म्हणून देवाने सांगली बुडवली असं जो म्हणेल त्याच्याशी मी भांडेन. सासूबाई तसं म्हणत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणतात, पाणी पाण्यागत आलं, अक्का अक्कागत वागली.

फेब्रुवारी २०२१मध्ये पुण्यात शस्त्रक्रिया झाल्या. चौघांच्या एकाच दिवशी. एकीने किडनी दिली आणि दुसरीने ऐन वेळी माघार घेतली असं होऊ नये म्हणून दोन्ही बायकांना एकाच वेळी टेबलावर घेतात. भूल द्यायला नेताना अक्काची आणि माझी ट्रॉली कॉरिडॉरमध्ये शेजारी शेजारी होती. ती कुंकू लावू देत नाहीत म्हणून सिस्टरवर चिडली होती. रक्त वाढावं म्हणून वर्षभर लोहाच्या गोळ्या आणि गूळ-शेंगदाणे खाऊन तिने हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर नेलं होतं आणि तो आकडा ती येईल त्याला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मला व्हीलचेअरवरून ह्यांच्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. आत जाऊ देत नव्हते. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी टांगलेली, फिकट पिवळी, आणि ती भरत होती. दोन वर्षं ह्यांना लघवी जवळपास होतच नव्हती. थेंब थेंब नळीतून उतरताना दिसत होता. ब्रदरने आकडा लिहायला मापाचं भांडं वर धरलं, मी काचेतून वाचायचा प्रयत्न केला आणि मला ते वाचता येईना. चष्मा खोलीत राहिला होता असं मी सगळ्यांना सांगते.

अण्णांच्या शरीरात माझी किडनी चालायला दोन दिवस जास्त लागले. ते दोन दिवस मला अपराधी वाटलं, जणू वर्गातला माझाच पोरगा मागे पडला होता. तिसऱ्या दिवशी अक्का भिंतीला धरून धरून माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "तुझी जरा आळशी हाय गं. पण लागली कामाला."

त्यानंतरचं सगळं सुरळीत झालं असं नाही. गोळ्या सकाळी नऊ आणि रात्री नऊ, मिनिट चुकवून चालत नाही. एकदा ह्यांना जंतुसंसर्ग होऊन पुन्हा आठ दिवस पुणे. पतपेढीचं कर्ज अजून चालू आहे. पण मिरजेच्या त्या सेंटरवर मी महिन्यातून एकदा जाते. त्या टेक्निशियन पोराने रजिस्टरच्या मागे दोन रकाने आखलेत, पेशंटचा रक्तगट आणि घरात कोण द्यायला तयार आहे त्याचा. मी बाकावर बसते आणि नव्या माणसांना विचारते. काही जण चिडतात. विचारायला आता लाज वाटत नाही. गेल्या वेळी ए आणि बी अशी एक जोडी जुळतेय असं वाटलं, तपासण्या चालू आहेत.

संकष्टीला मी अजूनही सासूबाईंना देवळात सोडते. पेपर गाडीच्या डिकीत ठेवून आत जाते.

ऋषिपंचमीचा रथ पुन्हा निघायला लागला तेव्हा अण्णा-अक्का आमच्याकडे आले. डॉक्टरांनी दोघांनाही दिवसाला तीन लिटर पाणी सांगितलंय, मोजून मापून नव्हे, भरपूर. दुपारी उन्हातून रथ बघून परत आलो. अक्काने माझ्या स्वयंपाकघरात शिरून माठातून दोन तांबे भरले, एक ह्यांच्या हातात दिला, एक अण्णांच्या. दोघांनी माना वर केल्या आणि तांबे तोंडाला न लावता, वरून धार सोडून, गटगटा पिऊ लागले. गळ्याखालून पाणी उतरताना आवाज येत होता. अक्का आणि मी ओट्याला टेकून बघत होतो. ह्यांच्या सदऱ्यावर पाणी सांडलं.

"आणखी?" अक्काने विचारलं.

"आण," दोघं एकदम म्हणाले.